बोर्डाला करवत लावणारे अडाणी, म्हणे!

इलेक्ट्रॉनिक्स थोडंफार शिकलेल्या लोकांत एक मत इतकं रुजलंय, की ते तपासून पाहावं असं कुणाला वाटतच नाही. सर्किट बोर्ड, म्हणजे दुरुस्तीच्या दुकानात ज्याला 'कार्ड' किंवा 'किट' म्हणतात तो, कापायचा नसतो. डब्यात मावत नसेल तर डबा बदला. डबा बदलता येत नसेल तर योग्य मापाचं कार्ड मागवा. तेही मिळत नसेल तर अख्खं पॅनेलच नवं बसवा. पण करवत? छे! करवत लावतो तो बाजारपेठेतला वायरमन, ज्याला कॉलेजचं तोंड माहीत नाही. कंपनीचा सर्व्हिस इंजिनिअर हे तुच्छतेने सांगतो, अभियांत्रिकीचे सर तत्त्व म्हणून सांगतात, आणि दुकानदार तर अगदी मनापासून सांगतो, कारण नवं पॅनेल त्याच्याच फडताळात असतं. तिघांची कारणं निराळी, निकाल मात्र एक : कापणं म्हणजे जुगाड आणि जुगाड म्हणजे अडाणीपणा. या निकालाला अभियांत्रिकीचा आधार नाही, असं माझं म्हणणं आहे. बोर्ड कापून मापात बसवणं हे शास्त्रशुद्ध काम आहे, त्याला नियम आहेत, ते शिकता येतं आणि शिकवायलाही हवं. ज्यांनी ते शिकवायचं, तेच नाक मुरडून बसलेत, ही खरी अडचण.

नाशिक जिल्ह्यातल्या दिंडोरी तालुक्यात हा वाद कागदावर राहत नाही. करंजवण, वाघाड, पालखेड, ओझरखेड, पुणेगाव, तिसगाव एवढी धरणं या एका तालुक्यात आहेत. कादवा, उनंदा, कोळवण या नद्यांच्या काठांनी विहिरी आणि उपशाच्या पाइपलाइनी आहेत, आणि त्यांच्या टोकाला द्राक्षबागा. पाणी आणि बाग यांच्या मधे मोटार, आणि मोटारीचं सगळं नशीब भिंतीवरच्या एका पत्र्याच्या डब्यात. या डब्यात एके काळी कॉन्टॅक्टर आणि ओव्हरलोड रिले एवढंच असे. मग सिंगल फेजिंग प्रिव्हेंटर आला, कारण तीनपैकी एक फेज गेला आणि मोटार तशीच घुमत राहिली की वाइंडिंग जळतं. मग विहिरीचं पाणी तळाला गेल्यावर मोटार थांबवणारं ड्राय रनचं कार्ड आलं. मग वीज आली की मोटार आपोआप चालू करणारा 'ऑटो' आला. मग मोबाइलवरून मोटार चालू-बंद करणारी यंत्रं आली. पुण्यात तयार झालेलं 'नॅनो गणेश' हे त्यांतलं एक ठळक नाव. शेतीला थ्री फेज वीज आलटूनपालटून कधी दिवसा आठ तास, कधी रात्री दहा तास मिळते, आणि बिबट्याच्या टापूत रात्री दोन वाजता विहिरीवर जायची हौस कुणालाच नसते; त्यामुळे ही कार्डं चैनीची वस्तू राहिली नाहीत. एवढं सगळं आत येत गेलं, डबा मात्र वडिलांनी बसवला तोच. जुनं कार्ड जळलं, त्याच मापाचं आता बनत नाही, नवं आणलं तर ते बोटभर लांब. आणि त्या बोटभर जास्तीच्या भागात बऱ्याचदा काय असतं? स्क्रूचं एक भोक, कंपनीचं नाव आणि हिरवा रंग. एवढ्यासाठी पूर्ण पॅनेल बदलायला सांगणाऱ्याला आपण तज्ज्ञ म्हणतो आणि तेवढा भाग कापून मोटार चालू करून देणाऱ्याला अडाणी.

आता पहिला मुद्दा : बोर्ड ही कापायची वस्तू नव्हे. हे विधान करणाऱ्याने बोर्डाचा कारखाना एकदा बघावा. बाजारात मिळणारी छोटी कार्डं सहसा एकेकटी जन्मालाच येत नाहीत. एका मोठ्या पत्र्यावर दहा, वीस, पन्नास कार्डं शेजारी शेजारी छापतात, त्यांवर सुटे भाग बसवतात, सोल्डर करतात, आणि मग कापून सुटी करतात. कापण्याच्या रेषेवर वरून आणि खालून इंग्रजी 'व्ही'च्या आकाराची खाच पाडून मधे साधारण एक तृतीयांश जाडी शिल्लक ठेवतात, किंवा कार्डाभोवती राउटरने चर पाडून फक्त दोनचार ठिकाणी बारीक भोकांच्या पट्ट्या ठेवतात. त्या पट्ट्या मोडल्या की कडेला कुरतडल्यासारख्या खुणा राहतात. कारखान्यातसुद्धा त्यांना 'माउस बाइट'च म्हणतात. म्हणजे ज्या कार्डाच्या पावित्र्याबद्दल आपल्याला एवढं ऐकवलं जातं, ते दुकानात येतानाच कापलेलं असतं, कडेला उंदराच्या दातांच्या खुणा घेऊन. दिवाळीत गॅलरीला लावायची एलईडीची पट्टी बघा. बारा व्होल्टच्या पट्टीवर बहुधा दर तीन दिव्यांमागे कात्रीची खूण छापलेली असते. तोही सर्किट बोर्डच, फक्त लवचीक. एसटी मायक्रोइलेक्ट्रॉनिक्स या बड्या कंपनीचा 'न्यूक्लिओ' हा शिकाऊ बोर्ड घ्या. त्याचा प्रोग्रॅमरचा वरचा भाग तोडून वेगळा करता येईल अशीच त्याची रचना आहे, आणि तोडल्यावर दोन्ही तुकडे कामाचे राहतात. आणि ज्या कॉलेजात 'बोर्ड कापू नये' हे तत्त्व सांगतात, तिथलाच विद्यार्थी प्रोजेक्टसाठी जनरल पर्पज पीसीबी हॅक्सॉने कापून आणतो व त्याला पूर्ण गुण मिळतात. तिथे चालतं ते दिंडोरीच्या पॅनेलवाल्याने केलं की पाप कसं होतं?

यावर ठरलेलं उत्तर येतं : कारखान्यातलं कापणं योजलेलं असतं, दुकानातलं अंदाजपंचे. उत्तर चांगलं आहे, पण ते देणाऱ्याच्या लक्षात येत नाही की त्याने आपला मूळ मुद्दा इथेच सोडून दिला. कापणं वाईट नव्हे, न योजता कापणं वाईट, एवढंच त्यातून निघतं. आणि तसं असेल तर आपण एका पंक्तीत बसलो. मग प्रश्न उरतो तो एवढाच, की तयार कार्डाकडे बघून योजना करता येते का. येते. बोर्ड काही गुप्त लिपीत लिहिलेला नसतो. मोटारीच्या पॅनेलमधली बहुतेक कार्डं एका किंवा दोन थरांची असतात. ती उजेडासमोर धरली की तांब्याचे ट्रॅक कुठून कुठे गेलेत ते डोळ्यांना दिसतं. कडेचा भाग कोरा आहे, की तिथून ग्राउंडचं तांबं फिरवलंय, की एखादा एकटा ट्रॅक वळसा घेऊन पलीकडे गेलाय, हे कळायला पदवी लागत नाही. लागतं भिंग, मल्टिमीटर आणि धीर. एकटा ट्रॅक आडवा आला तर कापण्याआधी त्याची दोन टोकं हेरून ठेवायची आणि नंतर जंपर मारून जोडायची. स्क्रूचं भोक कापलं जाणार असेल तर ते नुसतं भोक आहे की त्यातून अर्थिंग डब्याला मिळतंय, हे आधी पाहायचं. रेग्युलेटरच्या पायाशी पसरलेलं तांबं रिकामं दिसलं तरी ते त्याची उष्णता वाहून नेत असतं. ते कापलं तर रेग्युलेटर तापणार. मोबाइलवरून चालणाऱ्या कार्डावर अँटेनाच्या जवळचं ग्राउंड कापलं तर रेंज जाणार, कारण अँटेना त्या तांब्याच्या भरवशावरच चालते. विचार करून कापायचं असतं, हे द्राक्षाच्या तालुक्यात समजावून सांगावं लागावं, हे नवल आहे. इथे वर्षातून दोनदा बागेला कात्री लागते : एप्रिलची खरड छाटणी आणि ऑक्टोबरची फळछाटणी. काडीवर किती डोळे राखायचे यावर बांधाबांधावर वाद झडतात. वेलीला कात्री लावतो म्हणून बागायतदाराला कुणी अडाणी म्हणालं आहे?

चार आणि सहा थरांच्या बोर्डांचं काय, असा प्रश्न लगेच येईल. त्यांत आतल्या थरांतून पुरवठा आणि ग्राउंडचे अखंड पत्रे गेलेले असतात, ते उजेडात दिसत नाहीत, आणि करवतीने ओढलेला तांब्याचा बारीक ओरखडा कडेवर एका थरातून दुसऱ्या थरावर टेकला तर शॉर्ट होतो. खरं आहे. म्हणून कड कानसीने आणि पाण्यात भिजवलेल्या पॉलिश पेपरने साफ करायची, भिंगाखाली बघायची, आणि पुरवठा आणि ग्राउंड यांमधला रोध कापण्याआधी किती होता नि नंतर किती आहे, तो मोजून ताडून पाहायचा. हेही होत नाही म्हणणाऱ्यांनी जगभरच्या हौशी मंडळींकडे पाहावं. निन्टेंडोच्या 'वी' या खेळाच्या यंत्राचा मदरबोर्ड चहूबाजूंनी कापून, तो हातात मावेल अशा डब्यात घालून चालवण्याचा छंद कित्येक वर्षं चालू आहे. बहुथरी बोर्ड, वेगवान मेमरी, नाजूक चिप, आणि तरी तो चालतो. कारण कापणाऱ्यांनी कुठला भाग कशाचा आहे याचे नकाशे आधी तयार केले. आपल्याकडच्या मोटार पॅनेलमधलं कार्ड त्याच्यापुढे किती साधं! अवघड बोर्ड उदाहरणाला घेऊन सोप्या बोर्डावर बंदी घालायची, हा युक्तिवाद नव्हे, धाक आहे.

सुरक्षेचा मुद्दा मात्र वजनाचा आहे, आणि तिथे मी घाई करणार नाही. या कार्डांवर दोन फेजांमध्ये ४१५ व्होल्ट खेळतात, डबा पत्र्याचा असतो, पायाखाली ओल असते. वीजवाहक तांबं आणि डब्याचा पत्रा यांच्यामध्ये बोर्डाच्या पृष्ठभागावरून ठरावीक अंतर राखावंच लागतं. त्याचे आकडे आंतरराष्ट्रीय सुरक्षा मानकांच्या तक्त्यांत दिलेले आहेत. नेहमीच्या प्रतीच्या बोर्डावर, मूळ इन्सुलेशनसाठी, २५० व्होल्टला स्वच्छ जागी अडीच मिलिमीटर अंतर चालतं. धूळ आणि दमटपणा असलेल्या जागी तेच चार मिलिमीटर लागतं. ४०० व्होल्टला अशा धुळीच्या जागी ६.३ मिलिमीटर. दुहेरी सुरक्षेसाठी याच्या दुप्पट. विहिरीवरची मोटारीची खोली स्वच्छ जागेत धरायची की धुळीच्या, हे विचारायचीसुद्धा गरज नाही : भुरीसाठी मारलेली गंधकाची भुकटी, बोर्डो मिश्रणाचे शिंतोडे, पावसाळ्यातली वाफ, पाली आणि मुंग्या, सगळं त्या डब्यात जमतं. तेव्हा कापलेली कड फेजच्या ट्रॅकपासून दोन मिलिमीटरवर आली आणि ती पत्र्याला टेकवून बसवली, तर ते काम धोक्याचंच. पण या सगळ्यातून काय सिद्ध झालं? कापू नये हे? की कड आणि ट्रॅक यांच्यात किती अंतर राखावं, हे कापणाऱ्याला ठाऊक हवं, हे? तो आकडा मोजपट्टीने मोजता येतो. अंतर कमी भरत असेल तर तिथे कापायचं नाही, दुसऱ्या बाजूने कापायचं किंवा काम नाकारायचं. आणि गंमत अशी, की हेच अंतर वाढवण्यासाठी कारखानदार बोर्डात मुद्दाम चिरा पाडतात. ऑप्टोकपलरच्या पोटाखाली, उच्च दाबाची बाजू आणि कमी दाबाची बाजू यांच्या मधोमध पाडलेली ती लांबट फट पाहिली नसेल असा दुरुस्तीवाला सापडायचा नाही. फटीमुळे विजेला पृष्ठभागावरून जायची वाट लांब पडते. बोर्ड जास्त सुरक्षित व्हावा म्हणून जो उद्योग त्याला कापतो, त्याच उद्योगाचा प्रतिनिधी आपल्याला सांगतो की कापलेला बोर्ड असुरक्षित असतो!

सुरक्षेच्या नावाने बोलणाऱ्यांना एक गोष्ट मात्र क्वचित आठवते, आणि ती आठवायला हवी होती. कापलेल्या कडेवर काचेचे धागे उघडे पडतात. आजकालचा हिरवा बोर्ड म्हणजे काचेच्या धाग्यांचं कापड आणि इपॉक्सी. त्या उघड्या टोकांतून ओलावा आत शिरू शकतो, आणि दोन वीजवाहक जवळ असतील तर धाग्यांच्या कडेने तांब्याचे क्षार सरकत जाऊन हळूहळू गळती सुरू होते. यावर उपाय अगदी स्वस्त आहे : कड साफ करून, सुकवून तिच्यावर इपॉक्सीचा किंवा बोर्डासाठी मिळणाऱ्या वार्निशचा हात फिरवायचा. हा उपाय दुरुस्तीवाल्याला कुणी सांगितला? सांगायचा कुणी? 'हात लावू नका' म्हणणारा माणूस हात कसा लावावा हे शिकवत नाही, आणि मग तो हात चुकला की मान डोलावून म्हणतो, बघा, मी म्हणालो नव्हतो?

असाच प्रकार न दिसणाऱ्या तड्यांचा. बोर्ड वाकला की त्यावरचे चौकोनी, मोहरीएवढे सिरॅमिक कॅपॅसिटर आतून तडकतात. वरून काही दिसत नाही, कार्ड त्या दिवशी चालतं, आणि चार महिन्यांनी ओल धरून शॉर्ट होतं. टीकाकार हे उदाहरण विजयी मुद्रेने पुढे करतात. पण तडा कापल्याने जात नाही, वाकवल्याने जातो. म्हणूनच कारखान्यांत बोर्ड सुटे करताना त्यांवर किती ताण येतो, ते ताणमापक चिकटवून मोजतात. त्यासाठी आयपीसी-जेडेक-९७०४ अशी मार्गदर्शिकाच आहे. मुराटासारखे कॅपॅसिटर बनवणारे सांगतात, की कापण्याच्या रेषेजवळ कॅपॅसिटर ठेवू नका, ठेवलाच तर रेषेला समांतर ठेवा. दुकानाच्या भाषेत याचा अर्थ सरळ आहे : भाग बसवलेलं कार्ड खाच पाडून टेबलाच्या कडेवर मोडायचं नाही, पत्र्याच्या कात्रीने चावायचं नाही. रेषेच्या अगदी लगत दोन पट्ट्यांमध्ये आवळून बारीक दातांच्या पानाने हळूहळू कापायचं. काच साध्या पानाचे दात लवकर खाते, म्हणून कार्बाइडचं पान किंवा हिऱ्याची चकती घ्यायची. आणि धूळ उडू द्यायची नाही. काचेच्या धाग्यांची आणि इपॉक्सीची ती बारीक पूड कातडीला खाज आणते, घशात आणि फुप्फुसात जाते. तोंडाला मास्क, बोर्डावर पाणी, टेबल ओल्या फडक्याने पुसणं, फुंकर किंवा ब्लोअर बंद. याबाबतीत दुरुस्तीवाल्यांची बाजू घ्यायची माझी तयारी नाही. मास्कशिवाय हँड ग्राइंडर चालवणारा माणूस आपल्याच छातीशी वैर धरतो, आणि शेजारी चहा पिणाऱ्याच्या छातीशीही.

आता सगळ्यात लाडका मुद्दा : आजकाल बोर्ड इतके स्वस्त झालेत, नवा बनवून घ्या ना! हे बोलणाऱ्याला नुसता कोरा बोर्ड आणि चालतं कार्ड यांत फरक करायचा नसतो. कोरा बोर्ड स्वस्त आहे, मान्य. पण तो बनवायला त्याची फाइल लागते, ती कंपनीकडे असते आणि कंपनी ती देत नाही. मायक्रोकंट्रोलरमधला प्रोग्रॅम लागतो, तो कुलूपबंद असतो. म्हणजे 'नवा बनवून घ्या' याचा दिंडोरीतला अर्थ 'नवं पॅनेल घ्या' एवढाच उरतो. बरं, पॅनेल मागवलं, आठवड्याने आलं. छाटणीनंतरच्या बागेला ठिबक थांबवून आठवडाभर थांब म्हणायचं कुणी? ज्यांना महिनाअखेर पगार ठरलेला आहे त्यांना आठवडा म्हणजे सात दिवस वाटतात. द्राक्षात तो फुटव्याचा, फुलोऱ्याचा किंवा मणी फुगण्याचा काळ असतो, आणि तो पुन्हा वर्षभर येत नाही.

आणि जुन्या कार्डांचं काय होतं, हा प्रश्न तर नवं घ्या म्हणणाऱ्यांच्या हिशेबात येतच नाही. संयुक्त राष्ट्रांशी संबंधित संस्थांच्या २०२४च्या अहवालानुसार २०२२ या एका वर्षात जगात ६ कोटी २० लाख टन ई-कचरा तयार झाला, आणि त्यातला रीतसर गोळा होऊन पुनर्वापराला गेल्याची नोंद २२.३ टक्क्यांचीच. आपल्याकडे ई-कचरा व्यवस्थापनाचे २०२२चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. केंद्राच्या ग्राहक व्यवहार विभागाने २०२२मध्ये दुरुस्तीच्या हक्कासाठी समिती नेमली, आणि तिने सुरुवातीला जी क्षेत्रं निवडली त्यांत शेतीची अवजारं-यंत्रं आहेत. सरकार म्हणतं दुरुस्त करा, पर्यावरणवाले म्हणतात दुरुस्त करा, आणि आपला शिकलेला इंजिनिअर म्हणतो फेकून द्या. या तिघांत अडाणी कोण?

दुरुस्तीबद्दलची ही तुच्छता मोठ्या यंत्रांपाशी कुठे जाते, हेही पाहण्यासारखं आहे. दिंडोरीच्या वेशीवर, ओझरला, १९६४मध्ये मिग विमानांसाठी उभा राहिलेला हिंदुस्तान एअरोनॉटिक्सचा कारखाना आहे. तिथे विमानं जोडण्याइतकंच त्यांचं ओव्हरहॉल हेही मानाचं काम, त्यासाठी स्वतंत्र विभाग आहे. विमान दुरुस्त करणाऱ्याला आपण अभिमानाने सलाम करतो. बोर्डांच्या बाबतीतही तसंच : मुद्रित सर्किटांच्या उद्योगाची १९५७मध्ये स्थापन झालेली, आयपीसी या नावाने ओळखली गेलेली संस्था आयपीसी-७७११/७७२१ नावाचं मानक प्रसिद्ध करते, आणि त्याचा विषयच मुळी बोर्डाची दुरुस्ती, फेरकाम आणि फेरफार हा आहे. तुटलेले ट्रॅक कसे जोडायचे, उखडलेलं पॅड कसं बसवायचं, इतकंच काय, खराब झालेली कड कापून तिथे दुसऱ्या बोर्डाचा तुकडा कसा सांधायचा, याच्या पद्धती त्यात टप्प्याटप्प्याने दिल्या आहेत. म्हणजे जगातला बोर्ड उद्योग स्वतः म्हणतो, की बोर्ड कापता येतो, जोडता येतो, फक्त नीट करा. 'बोर्डाला हात लावू नये' हे तत्त्व मग आलं कुठून? ते कुठल्याही मानकात नाही. ते हमीपत्राच्या शेवटच्या ओळीतून आलंय.

हमीचं म्हणाल तर त्यात वाद नाहीच. सरकारी योजनेतला सौर पंप पाच वर्षांच्या हमीवर मिळतो. त्याचा कंट्रोलर उघडून कापायला कुणी सांगत नाही, आणि कुणी सांगितलं तर ऐकू नये. पण हमी संपलेल्या, कंपनीने बंद केलेल्या आणि सुटे भाग नाकारलेल्या यंत्रावर कंपनीचा कसला अधिकार?

जाता जाता, दुसऱ्या टोकाच्या मंडळींनाही एक गोष्ट सांगायला हवी. जुगाडाची आरती ओवाळणारे, 'आपला माणूस काहीही करू शकतो' म्हणत ग्राइंडरने कापलेल्या कार्डाचे व्हिडिओ फिरवणारे लोक माझ्या बाजूचे नाहीत. न मोजता कापून, डब्यात कोंबून, वरून चिकटपट्टी मारून दिलेलं कार्ड पावसाळ्यात पत्र्याला करंट देतं, आणि तो करंट व्हिडिओ काढणाऱ्याला बसत नाही. त्यांनी केलेलं नुकसान दुहेरी आहे : एक तर शेतकऱ्याचं, आणि दुसरं चांगल्या कारागिराचं, कारण त्यांच्यामुळेच वरच्या तुच्छतेला रोज नवी उदाहरणं मिळतात. कौतुक आणि तुच्छता दोन्ही एकाच समजातून निघतात, की या कामाला ज्ञान लागत नाही. एकाला ते ज्ञानाशिवाय जमलं म्हणून आनंद होतो, दुसऱ्याला ते ज्ञानाशिवाय होतं म्हणून राग येतो. काम नीट करणारा मधल्या मधे मरतो.

नीट काम करणारा काय करतो? कार्ड हातात आल्यावर आधी करवत शोधत नाही. डब्यात ते उभं बसतं का, तिरकं बसतं का, स्टँडऑफ बदलून भागतं का, हे बघतो. कापायचंच ठरलं तर रेषा आखतो, रेषेपासून प्रत्येक ट्रॅकचं अंतर मोजतो, मोबाइलवर दोन्ही बाजूंचे फोटो काढून ठेवतो, पुरवठ्याच्या टोकांमधला रोध टिपून ठेवतो. कापून झाल्यावर पुन्हा मोजतो. कड बुजवतो. कापल्याने आधार गेलेल्या कोपऱ्याला नवं भोक पाडून आधार देतो, कारण कॉन्टॅक्टरच्या धक्क्याने लोंबकळतं कार्ड महिन्याभरात सोल्डर सोडतं. पहिली वीज थेट देत नाही. कार्डाचा पुरवठा सिरीज बल्बमधून देतो. बल्ब ढणढण पेटला तर चूक कळते आणि कार्डही वाचतं. यातल्या कुठल्या पायरीला अडाणीपणा म्हणायचं, ते टीकाकारांनी बोट ठेवून दाखवावं. मला तर यात प्रयोगशाळेतल्या वहीची शिस्त दिसते, फक्त वही नसते आणि सही करायला सर नसतात.

सर असायला हवेत. आयटीआयच्या इलेक्ट्रॉनिक्स मेकॅनिकला सोल्डरिंग, डिसोल्डरिंग आणि बोर्डाची दुरुस्ती शिकवतातच. त्यातच बोर्ड मापात कापणं, कड बुजवणं आणि सुरक्षित अंतर मोजणं एवढं घालायला कुठल्या आयोगाची गरज आहे? आणि कार्ड बनवणाऱ्यांनी काय करावं, तेही अवघड नाही. आपलं कार्ड कुणाच्या तरी जुन्या डब्यात जाणार, हे त्यांना पहिल्या दिवसापासून ठाऊक असतं. मग कडेच्या रिकाम्या पट्टीतून ट्रॅक फिरवू नका, तिथे कापण्याची तुटक रेषा छापा, रेषेच्या आत स्क्रूच्या भोकांचा दुसरा संच द्या. एलईडीची पट्टी विकणाऱ्याला जे जमतं ते मोटारीचं कार्ड विकणाऱ्याला का जमू नये? जुन्या रेडिओच्या मागच्या पुठ्ठ्यावर सर्किटचा नकाशा चिकटवलेला असे; तो स्टार्टरच्या झाकणाच्या आतल्या बाजूला चिकटवा. हे केलं तर कापणारा चुकणार नाही. केलं नाही, तर तो चुकला की बोलायचा अधिकार तुम्हाला नाही, कारण नकाशा लपवून ठेवणारे तुम्हीच.

आणि तोवर 'हात लावू नका' हा उपदेश ज्यांना करायचाच आहे, त्यांनी तो जरूर करावा. फक्त सोबत तीन गोष्टी लेखी द्याव्यात : त्याच मापाचं कार्ड कुठे मिळेल, ते किती दिवसांत येईल, आणि तेवढे दिवस बागेला पाणी कोण देईल. तिन्हींची उत्तरं असतील तर करवत बाजूला ठेवायला दिंडोरीतला कुठलाही पॅनेलवाला एका पायावर तयार होईल. उत्तरं नसतील, तर त्याला रेषा आखू द्या आणि मोजपट्टी धरायला मदत करा.